तीन वर्षांचे खेळाडू, तीस वर्षांचा शिक्षक

पुण्याच्या मार्केट यार्डात कामाचा दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. जुन्नर, खेड, शिरूर, पुरंदरहून निघालेले टेम्पो आणि परराज्यांतून आलेले ट्रक गेटाशी रांग लावतात. हमाल डाग उतरवतात, तोलणार काट्यापाशी उभे राहतात, आडत्यांच्या गाळ्यांवर सौदे सुरू होतात. बाकीचं शहर चहाचं आधण ठेवतं तोवर इथला बराचसा माल पुढच्या गाडीत चढलेलाही असतो. दिवाळीच्या आधीचे चार दिवस तर फुलबाजारात झेंडूच्या ढिगांतून वाट काढावी लागते.

याच गुलटेकडी परिसरात महाराष्ट्रीय मंडळाचं आवार आहे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. व्यायाम, मैदान आणि शिस्त यांवर निष्ठा ठेवून तिने शंभर वर्षं पार केली. मंडळाने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. इथे शिकलेले विद्यार्थी पुढे शाळा-महाविद्यालयांत खेळाचे शिक्षक होतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात शिट्टी गळ्यात अडकवून उभे असलेले ‘सर’ आणि ‘मॅडम’ अशाच एखाद्या महाविद्यालयातून आलेले असतात. त्यांच्या कामाबद्दल आपण फार कमी लिहितो. जिंकलेल्या खेळाडूचा फोटो छापून येतो. त्याला घडवणाऱ्याचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत येतं, जागा उरली तर.

ते काम समजून घ्यायला मी मुद्दाम बेसबॉल निवडला आहे. कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीचा मुलगा महाविद्यालयात येतो तेव्हा खेळ त्याच्या अंगात आधीच भिनलेला असतो. गावाच्या तालमीने, गल्लीतल्या मंडळाने, शाळेच्या मैदानाने निम्मं काम केलेलं असतं. क्रिकेटबद्दल तर बोलायलाच नको. बेसबॉलला यातलं काहीच लाभलेलं नाही. शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, सॉफ्टबॉल आहे, आणि सॉफ्टबॉल खेळलेल्या मुली-मुलांचा महाविद्यालयीन संघाला मोठा आधारही होतो. पण बहुतेकांच्या हातात बेसबॉलचा ग्लोव्ह पहिल्यांदा येतो तो अठराव्या वर्षी. म्हणजे तीन वर्षांनी जो खेळाडू मैदानात दिसतो, तो जवळजवळ पूर्णपणे त्या शिक्षकाने उभा केलेला असतो. महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाचं माप इतकं स्वच्छ दुसऱ्या खेळात दिसत नाही.

सुतळी आणि फक्की

या शहरात क्रिकेट किती खोल रुजलंय हे मार्केट यार्डापासून जवळच, स्वारगेटला कळतं. तिथल्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळलं होतं. पुण्यातली मोकळी जागा क्रिकेटला आधी मिळते, उरली तर फुटबॉलला. बेसबॉलचं कायम आखलेलं मैदान बहुतेक महाविद्यालयांकडे नसतं. दुसऱ्या खेळाच्या मैदानाचा एखादा कोपरा, तोही ठरलेल्या तासाभरापुरता, पदरात पडतो. त्यामुळे प्रशिक्षकाचं पहिलं काम म्हणजे आखणी.

आखणीची रीत सोपी आणि सुंदर आहे. कोपऱ्यात होम प्लेट ठेवायची. तिथून समोर सरळ ३८.८ मीटर सुतळी ताणायची. तिच्या टोकाला सेकंड बेस. मग २७.४३ मीटरच्या दोन सुतळ्या घ्यायच्या. एकीचं टोक होम प्लेटवर, दुसरीचं सेकंड बेसवर धरायचं आणि उजवीकडे त्या जिथे मिळतील तिथे फर्स्ट बेस ठेवायचा. त्याच सुतळ्या डावीकडे नेल्या की थर्ड बेसची जागा मिळते. काटकोन मापायला वेगळं साधन लागत नाही. चौकोनाच्या आत, होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी. शेवटी दोन्ही फाउल लाइनींवर फक्की मारायची. ही आखणी विद्यार्थ्यांकडून करून घेणारा शिक्षक पहिल्याच दिवशी खेळातली सगळी अंतरं त्यांच्या पायांत उतरवतो. नियमांचं पुस्तक नंतर उघडलं तरी चालतं.

दुसरं काम साहित्याचं. क्रिकेटला एक बॅट, एक चेंडू आणि तीन काठ्यांवर सुरुवात करता येते. बेसबॉलला पहिल्याच दिवशी नऊ ग्लोव्ह लागतात, कारण १४० ते १५० ग्रॅम वजनाचा कडक चेंडू जोरात फेकलेला असताना उघड्या हाताने दिवसभर झेलणं शक्य नाही. कॅचरला मुखवटा, छातीचं कवच, नडगीचे पॅड आणि वेगळा जाड ग्लोव्ह हवा. बॅटरला हेल्मेट हवं. जिमखान्याच्या तुटपुंज्या निधीत हे एका वर्षात जमत नाही. शहाणा प्रशिक्षक दरवर्षी थोडं थोडं जमवतो, चामड्याला तेल लावून ठेवतो, फाटलेली शिवण दुरुस्त करून घेतो, आणि साहित्याच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे सोपवतो. किल्ली सांभाळणारा विद्यार्थी सहसा सरावाला दांडी मारत नाही.

क्रिकेटचे हात, बेसबॉलचे हात

क्रिकेट खेळलेला मुलगा या मैदानात आला की त्याची सवय त्याच्या आड येते. झेल घ्यायला त्याचा उजवा हात आधी पुढे जातो, आणि ग्लोव्ह असतो डाव्या हातात. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने झेलायचं, चेंडू ग्लोव्हमध्ये शिरताच उजव्या हाताने झाकायचा आणि त्याच झटक्यात फेकीसाठी वळायचं. जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू अडवताना तो कमरेत वाकतो. इथे गुडघ्यांत बसावं लागतं. ‘खाली बस, ग्लोव्ह जमिनीला टेकव’ ही हाक सरावाच्या मैदानावर शेकडो वेळा ऐकू येते. एकच कृती पन्नास वेळा, मग पुन्हा पन्नास वेळा. शिकवण्याचा हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात मोलाचाही तोच आहे.

बॅट हातात आली की दुसरी अडचण. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडून येतो आणि फलंदाज त्या टप्प्यावर नजर ठेवतो. इथे टप्पाच नसतो. ताशी १३० किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत होम प्लेट ओलांडतो. सरळ बॅटने शांतपणे चेंडू खाली ठेवणं हे क्रिकेटमधलं मोठं कौशल्य, पण इथे राखायला यष्टीच नाही. मागे निसटवलेला नाजूक लेट कट तिकडे चार धावा देतो, इकडे तो फाउल ठरतो. चेंडू आत पडला की धावायचंच, थांबून विचार करायला सवड नाही. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद.

तरी क्रिकेटचा मुलगा रिकाम्या हाताने येत नाही. उंच उडालेल्या चेंडूखाली कुठे जाऊन उभं राहायचं हे त्याला सांगावं लागत नाही. सीमारेषेवरून लांब फेक करायची त्याला सवय असते. चांगला प्रशिक्षक या पुंजीवर बांधकाम करतो. खो-खोच्या मुलीकडे अचानक दिशा बदलण्याचं कसब असतं, कबड्डीपटूला अंग झोकून द्यायची भीती नसते, भालाफेकपटूचा खांदा तयार असतो. कोणाचं काय कुठे उपयोगी पडेल हे ओळखणारी नजर प्रशिक्षकाकडे हवी. बेसवर घसरत जायला शिकवताना कबड्डीच्या मुलाला पुढे करायचं, बेस चोरायला शिकवताना खो-खोच्या मुलीला. मग बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकतात.

खेळातला सगळ्यात अवघड आणि देखणा भाग म्हणजे डबल प्ले. फर्स्ट बेसवर धावपटू आहे. बॅटरने जमिनीवरून मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपने, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या खेळाडूने, उचलला, सेकंड बेसवर फेकला, तिथल्या खेळाडूने बेसला पाय लावून लगेच फर्स्ट बेसकडे वळवला. दोन गडी बाद. गुणलेखक वहीत लिहितो: ६-४-३. प्रत्येक जागेला ठरलेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. बॅटरला फर्स्ट बेस गाठायला चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तीन माणसांनी एकमेकांकडे न पाहता एकमेकांवर विश्वास ठेवायचा असतो. हा विश्वास एका शिबिरात येत नाही. शॉर्टस्टॉपला आपल्या जोडीदाराचा वेग, त्याची पावलं, त्याला चेंडू छातीशी हवा की कमरेशी, हे सगळं ठाऊक व्हायला एक अख्खा हंगाम जातो.

आणि हंगामामागून हंगाम जाऊन हे जमायला लागतं तोवर त्यातला एक जण पदवी घेऊन निघून गेलेला असतो.

पिचरचा खांदा

आंतरविद्यापीठ स्पर्धा थोड्या दिवसांत उरकल्या जातात. सामन्यामागून सामने असतात. पहिल्या दिवशी ज्या मुलाने संघ जिंकून दिला त्यालाच दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू देण्याचा मोह प्रशिक्षकाला होतो. मुलगाही नाही म्हणत नाही. इथेच चांगला शिक्षक आणि नुसता विजयाचा भुकेला माणूस यांतला फरक कळतो.

खांद्यावरून पूर्ण ताकदीने केलेली प्रत्येक फेक कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण आणते. तो एकदा फाटला की शस्त्रक्रिया आणि वर्षभराची विश्रांती. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि तिथल्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये वयानुसार मर्यादा घालून दिल्या: सतरा-अठरा वर्षांच्या पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त १०५ फेकी कराव्यात, एकोणीस ते बावीस वयात १२०, आणि त्यानंतर फेकींच्या हिशेबाने दिवसांची विश्रांती. हा हिशेब ठेवायला यंत्र लागत नाही. राखीव खेळाडूच्या हातात वही-पेन्सिल दिली की काम होतं.

पण मर्यादा पाळायची तर संघात एकाऐवजी तीन-चार पिचर हवेत. म्हणजे यंदा चांगला चाललेला पिचर असतानाच पुढच्या वर्षीचे दोन तयार करायला घ्यावे लागतात. कसोटीच्या सामन्यात कच्च्या मुलाला चेंडू द्यावा लागतो, प्रसंगी हरावंही लागतं. विद्यापीठाचा खेळ उभा करणाऱ्याला आजच्या सामन्याची किंमत मोजून उद्याचा संघ घ्यावा लागतो. हे ज्याला जमलं नाही त्याचा संघ एका गुणी मुलाबरोबर वर येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो.

विद्यापीठाची पायरी

आपल्याकडची रचना अशी. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली. महाविद्यालयांचे संघ आधी विभागीय स्पर्धा खेळतात, मग आंतरविभागीय. त्यातून निवड चाचणी आणि विद्यापीठाचा संघ. पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धा. ही संघटना १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून जन्मली आणि १९७३ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिच्या वार्षिक कार्यक्रमात बेसबॉल आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या तेव्हा सतरा खेळांत तो नव्हता. म्हणजे सरकारी झोताबाहेर राहून हा खेळ चालवावा लागतो.

मुलं यात का येतात? खेळाची ओढ हे पहिलं कारण, पण पोटाचा प्रश्नही आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला आलेल्या, वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे भरतीची वाट वाटते. त्यात गैर काही नाही. घाम गाळून मिळवलेल्या प्रमाणपत्राचा त्याला हक्क आहे. पण याच सवलतीपायी राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली आणि कमी परिचित खेळांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. त्याचा फटका प्रामाणिक मुलांना बसतो. त्यांच्या बाजूने उभी राहणारी एकच गोष्ट असते: मैदानावरची हजेरी आणि नीट राखलेली गुणवही. म्हणून ती वही हा संघाचा दस्तऐवज मानून जपायला हवी. कोणी कोणत्या सामन्यात किती वेळ काय केलं याची नोंद विद्यार्थी गेल्यावरही महाविद्यालयात राहिली पाहिजे.

प्राध्यापक देवधरांची गोष्ट

महाविद्यालयातल्या माणसाने संघ घडवण्याची पुण्यातली सर्वांत मोठी गोष्ट बेसबॉलची नाही, क्रिकेटची आहे. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई जिमखान्यावर एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या. पण त्यांचं खरं काम त्यानंतरचं आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. पहिल्या विजयाच्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांच्याभोवती विजय हजारे, रंगा सोहोनी यांच्यासारखे विशी-पंचविशीतले खेळाडू होते. हजारे यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्यातच नाबाद ३१६ धावा केल्या. १९४४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, देवधरांनी एकाच सामन्यात दोन शतकं ठोकली. पुढे त्यांच्या नावाने १९७३-७४ पासून देवधर करंडक सुरू झाला. त्यांनी वयाची शंभरी ओलांडली.

तरीही या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगायलाच हवा. हजारे बडोद्याला गेले. महाराष्ट्राकडून खेळलेले चंदू सरवटे होळकरांकडे गेले. संस्थानं खेळाडूंना नोकरी आणि मान देत. पुण्यात तेवढी सोय नव्हती. महाराष्ट्राने त्यानंतर रणजी करंडक पुन्हा जिंकलेला नाही. तीन वेळा तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला. देवधरांचं मोठेपण यात तसूभरही कमी होत नाही. पण एका असामान्य माणसाभोवती जमलेला संघ आणि एका संस्थेत रुजलेली परंपरा या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी उभी करायची तर खेळाडूच्या पोटापाण्याची, मैदानाची आणि पुढच्या शिक्षकाची व्यवस्था लागते.

ही व्यवस्था उभारणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. अमेरिकेतून आलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले, त्यामागची हालचाल पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धांतून सुरू झाली होती. दामल्यांचं मंडळ १९२४ चं, कांदिवलीची सरकारी शारीरिक शिक्षण संस्था १९३८ ची. या सर्वांनी एक गोष्ट ओळखली होती: खेळाडू हवे असतील तर आधी खेळाचे शिक्षक तयार करावे लागतात. आजच्या बी.पी.एड. अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय आराखड्यात सांघिक खेळांच्या यादीत बेसबॉलही आहे. म्हणजे गुलटेकडीसारख्या ठिकाणाहून निघणाऱ्या शिक्षकाच्या पुस्तकात हा खेळ आहे. तो त्याच्या मैदानात उतरतो का, हे पुढे त्याला मिळणाऱ्या महाविद्यालयावर अवलंबून राहतं.

वासेदाचे सव्वीस सामने

बेसबॉल हा परका खेळ एका आशियाई विद्यापीठात कसा रुजला याचं उत्तम उदाहरण जपानमध्ये आहे. तोक्योच्या वासेदा विद्यापीठात इसो आबे नावाचे प्राध्यापक होते. समाजवादी विचारांचे, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले, आणि खेळाने माणूस घडतो यावर नितांत श्रद्धा असलेले. विद्यापीठाचा बेसबॉल संघ त्यांनी उभा केला आणि १९०५ मध्ये, रशिया-जपान युद्ध चालू असताना, संघाला घेऊन ते अमेरिकेला गेले. तिथे सव्वीस सामने झाले. वासेदाने सात जिंकले, एकोणीस हरले.

एकोणीस पराभव घेऊन परतलेल्या संघाकडे आपण कसं पाहिलं असतं? जपानने वेगळं पाहिलं. या मुलांनी परतताना खेळाचं आधुनिक तंत्र, बंट मारण्याची, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू जवळच पाडण्याची, कला, पिचरची नवी हालचाल आणि गुणलेखनाची पद्धत आणली आणि ती इतरांना शिकवली. वासेदा आणि केइओ या विद्यापीठांमधली चुरस १९०३ मध्ये सुरू झाली होती. ती इतकी पेटली की प्रेक्षकांमधल्या तणावामुळे १९०६ मध्ये सामने बंद करावे लागले. ते पुन्हा सुरू झाले १९२५ मध्ये. त्याच वर्षी तोक्योतल्या सहा विद्यापीठांची लीग आकाराला आली आणि ती आजही चालते.

वासेदाच्या संघाचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक तोबिता सुईशू. १९१० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संघाने जपानमध्ये येऊन वासेदाला धूळ चारली तेव्हा ते कर्णधार होते आणि त्यांनी पद सोडलं होतं. १९१९ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून परतले. शिकागोचा संघ दर पाच वर्षांनी यायचा. १९२५ मध्ये त्यांच्यावर मात केल्यावरच तोबिता निवृत्त झाले. त्यांचा सराव अतिशय कठोर होता; मुलांना थकवून जमिनीवर पाडणारा तो प्रकार आज कोणी गिरवू नये, खांद्यांची आणि मनांची काळजी घेण्याचं शास्त्र आता पुष्कळ पुढे गेलं आहे. पण घेण्यासारखी गोष्ट आहे ती त्यांचं टिकून राहणं. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्यार्थ्यांना सैन्यात भरती करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मुलांना रणांगणावर जाण्याआधी एकदा खेळू द्यावं म्हणून झटणाऱ्यांत तोबिता होते. १६ ऑक्टोबरला वासेदाच्या मैदानावर केइओबरोबर तो सामना झाला. त्या दिवशी खेळलेली काही मुलं परत आली नाहीत. निकाल वासेदाच्या बाजूने लागला, पण जपानमध्ये तो सामना निकालासाठी आठवला जात नाही.

ट्रकवाला प्रशिक्षक

मार्केट यार्डाच्या वाचकाला जवळचा वाटेल असा माणूस अमेरिकेत होता. रॉड डीडो. त्यांचा धंदा ट्रक वाहतुकीचा, आणि काम लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात बेसबॉल शिकवण्याचं. धंद्यातून भरपूर मिळत होतं म्हणून विद्यापीठाकडून ते वर्षाला नाममात्र एक डॉलर घेत. १९४२ ते १९८६ या काळात त्यांच्या संघाने १३३२ सामने आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, त्यांतली पाच १९७० ते १९७४ अशी ओळीने. टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर त्यांच्या हाताखालून गेले.

त्यांच्या विद्यापीठात खेळलेला आणखी एक पिचर म्हणजे टॉम हाउस. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरनने विक्रमी ७१५ वा होम रन मारला तो चेंडू झेलणारा हाच. पुढे हाउस पिचिंगचे नामांकित शिक्षक झाले. २००८ मध्ये भारतातल्या एका स्पर्धेतून निवडलेली दोन मुलं त्याच विद्यापीठात त्यांच्यासमोर आली: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले, दोघेही भालाफेकपटू, आणि बेसबॉलचा त्यांना गंधही नव्हता. काही महिन्यांच्या शिकवणीनंतर नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये करारबद्ध झालेले ते पहिले भारतीय. त्यांच्यावर हॉलिवूडने चित्रपटही काढला.

त्या दोघांची कहाणी आपल्याकडे नशिबाची कहाणी म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात शिक्षकांची साखळी दिसते. डीडोंनी पंचेचाळीस हंगाम एका जागी राहून एक शाळा तयार केली, त्या शाळेतून हाउस आले, आणि त्यांनी लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भाला फेकणाऱ्या मुलांना पिचर केलं. भाला फेकणारे तसे खांदे सातारा, नाशिक, जळगाव, गडचिरोलीतही आहेत. कमतरता आहे ती त्यांना हाताशी धरून तीन वर्षं शिकवणाऱ्याची, आणि तो गेल्यावर त्याची जागा घेणाऱ्याची.

राहणारा माणूस

विद्यार्थी-खेळाडूचा हिशेब सरळ आहे. पहिल्या वर्षी तो शिकतो, दुसऱ्या वर्षी खेळतो, तिसऱ्या वर्षी इतरांना सांभाळतो आणि जातो. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची वाट ठेवली आहे, पण जाणं टळत नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या खेळात शिकवणाऱ्या माणसाचं टिकणं हीच खरी भांडवली गुंतवणूक आहे. आणि नेमकं तिथेच आपण हात आखडला आहे. अनेक महाविद्यालयांत क्रीडा संचालकाचं पद रिकामं राहतं किंवा तासिका तत्त्वावर भरलं जातं. तासाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नसलेल्या शिक्षकाने तीन वर्षांनी तयार होणाऱ्या पिचरवर मेहनत कशी घ्यावी? त्याच्याकडून आपण यंदाची ढाल मागतो आणि तो बिचारा तयार खेळाडू कुठून आणता येतील ते बघतो. दोष त्याचा नाही.

याच मार्केट यार्डाच्या इतिहासात याचं उत्तर आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांना हमाल पंचायतीने आणि डॉ. बाबा आढावांनी संघटित केलं. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीला, भविष्य निर्वाह निधीला, रजेला कायद्याचं बळ दिलं. १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली आणि कष्टकऱ्याला परवडणारं ताजं जेवण मिळू लागलं. कामाला हमी मिळाली की माणूस कामात जीव ओततो, पुढच्या पिढीला हाताशी धरतो. शारीरिक श्रमाची प्रतिष्ठा ज्या परिसराने राज्याला शिकवली, त्याच परिसरात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडतात. त्यांच्या नोकरीला तीच हमी मिळावी, एवढी साधी अपेक्षा आहे.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने स्वस्त आहेत. विभागातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक मैदान कायम आखून ठेवावं, म्हणजे रोज सुतळी ताणावी लागणार नाही. साहित्य एकत्र घ्यावं, एकत्र वापरावं. प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या दोन शाळा दत्तक घेऊन आठवीपासून सॉफ्टबॉल सुरू करावा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तिथे शिकवावं. त्यात त्यांचाही अभ्यास होतो, आणि ती मुलं महाविद्यालयात येतात तेव्हा त्यांच्या हाताला ग्लोव्ह ओळखीचा असतो. पिचरच्या फेकींची मर्यादा विद्यापीठाने नियम म्हणून लावावी, ती प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडू नये. मुलींच्या संघाला मुलांइतकाच मैदानाचा वेळ मिळावा. आणि गुणवह्या ग्रंथालयात जपाव्यात.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही खेळले जाणार आहेत. त्या वेळी दूरचित्रवाणीवर भारताला बेसबॉल का येत नाही याच्या चर्चा रंगतील, आणि कोणीतरी करोडोंची योजना मांडेल. त्याआधी एक लहान गोष्ट व्हायला हवी. येत्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी किंवा मुलगा मैदानावर येऊन विचारेल की हा खेळ मला शिकायचा आहे. तेव्हा तिथे त्याच्या मापाचा ग्लोव्ह असावा, सरावाची ठरलेली वेळ असावी, आणि तो पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत आपण इथेच असणार आहोत याची खात्री असलेला शिक्षक असावा. एवढं जर पुण्यासारख्या शहराला देता आलं नाही, तर पदकांची चर्चा करायचा आपल्याला अधिकार नाही. आणि देता आलं, तर वासेदासारखे एकोणीस पराभव पचवायची ताकद आपोआप येईल, कारण विसावा सामना खेळायला कोणीतरी तयार असेल.